तोल्याचं शिसं

तोल्याने एकतीस वर्षं पाण्यात नोकरी केली. अंतराळात जाणाऱ्या लोकांना सराव करायला एक टाकी होती. चार मजली घर उभं बुडेल एवढी खोल. सूट घातलेल्या माणसाला त्या पाण्याच्या मध्यावर असं ठेवायचं की तो वर जाणार नाही, खाली जाणार नाही आणि कुठल्याच अंगाला कलंडणार नाही. वर आभाळात वजन नसतं म्हणतात. इथे खाली ते नसलेलं वजन शिशाचे तुकडे घालून तयार करावं लागे. ते शिसं घालणारा माणूस म्हणजे तोल्या. खरं नाव पगारपत्रकावर होतं, तिथेच राहिलं.

सुटाला छातीवर, पाठीवर, कमरेला आणि दोन्ही घोट्यांवर खिसे असत. शिशाचे तुकडे तळहाताएवढ्यापासून बिस्किटाएवढ्यापर्यंत. माणसाला पाण्यात धरायचं, तुकडा घालायचा, हात सोडायचे आणि बघायचं. डोकं खाली चाललंय? छातीतला एक काढून घोट्याला. पुन्हा हात सोडायचे. मग त्याला उताणा करायचा, पालथा करायचा, एकेका कुशीवर करायचा आणि दर वेळी हात सोडून बघायचं. हात सोडल्यावर माणूस जिथे ठेवला तिथेच राहिला पाहिजे, भिंतीवर टांगलेल्या तसबिरीसारखा. चांगल्या दिवशी याला चाळीस मिनिटं लागत, वाईट दिवशी तास. सुटातला माणूस तोवर आत गाणी म्हणे, रेडिओवरून वरच्या लोकांशी थट्टामस्करी करी. तोल्या आणि त्याचे तिघे सोबती बोटं गारठून काम करीत.

घाई चालत नसे, त्याला कारण होतं. सुटात हवा भरलेली असते आणि हवा नेहमी वरच्या अंगाला पळते. पाय जरा वर गेले की हवा पायांत जाते. मग पाय आणखी वर जातात, आणि बघता बघता माणूस डोक्यावर उभा. त्या जड सुटात त्याला आपलं आपण सरळ होता येत नाही. रक्त सगळं डोक्यात. उलटी झाली तर ती हेल्मेटातच, नाकातोंडाशी. दुसऱ्या पाळीत एकदा एकजण असा चार मिनिटं उलटा राहिला. ओकारी छातीत गेली आणि तीन आठवडे इस्पितळात काढून आला तो पुन्हा पाण्याजवळ फिरकला नाही.

तोल्याच्या हाताखालून पाण्यात गेलेला एकही माणूस एकतीस वर्षांत उलटा झाला नाही. दाखवायला त्याच्याजवळ पदक नव्हतं की फोटो नव्हता. होतं ते एवढंच.

संध्याकाळी दार उघडताना बायको विचारायची, "सगळे सरळ?"

तो म्हणायचा, "सगळे सरळ."

मग तो चपला काढायचा आणि ती चहा टाकायची. याहून जास्त तिने कधी विचारलं नाही. तेवढ्यात सगळं येत होतं.

तोल्या निवृत्त झाला आणि पुढच्या वर्षी टाकीही बंद पडली. नवी कुठेतरी दुसरीकडे बांधली म्हणे. भंगार विकायला काढलं तेव्हा तो गेला आणि शिशाचे सव्वीस तुकडे घेऊन आला. ते त्यानेच ओतलेले होते. जेवणाच्या सुट्टीत, पत्र्याच्या डब्यांचे साचे करून. भंगारवाल्याने किलोचा भाव लावला, तोल्याने तो मुकाट्याने दिला. कॅनव्हासच्या दोन पिशव्यांत भरून शिसं पलंगाखाली गेलं.

"याचं काय करणार?" बायकोने विचारलं.

"काही नाही."

"मग झाडताना उचलायचं तुम्ही. माझी कंबर सरकारी नाही."

आणि बारा वर्षांनी कॅप्टनचा फोन आला.

कॅप्टनबद्दल सांगायला हवं. कॅप्टन वर जाऊन आला होता. एकशे चौदा दिवस. लोकांना वाटतं, तो माणूस आभाळातून पोतं भरून आणतो. तसं काही नसतं. नोकरीत असताना त्याचा पगार सरकारी श्रेणीतला होता, कार्यालयातल्या विभागप्रमुखाएवढा, एक पै जास्त नाही. वर गेला तो कागदोपत्री कामानिमित्त प्रवास. राहण्याजेवणाची सोय खात्याची, म्हणून भत्ता इतका किरकोळ मिळाला की परत आल्यावर त्याने सगळ्या पाळीला चहा पाजला आणि तो तिथेच संपला. वर जाण्याआधी अकरा वर्षं तो टेबलाशी बसून होता. दुसऱ्यांच्या फायली तपासायच्या, दुसऱ्यांशी रेडिओवर बोलायचं आणि आपला नंबर कधी लागतो याची वाट बघायची. ते तोल्याने पाहिलं होतं. कॅप्टन तेव्हा टाकीत चारशे तास लटकला आणि एकदाही कुरकुरला नाही. कामाचा माणूस होता. हे कबूल करायलाच पाहिजे.

पुढचं मात्र तोल्याला बघवेना.

निवृत्तीनंतर कॅप्टन आधी शाळांमधून बोलायचा. ते फुकट होतं. मग कंपन्यांमधून बोलायला लागला. ते फुकट नव्हतं. साबण विकणाऱ्यांना जमवून "धैर्य" या विषयावर तासभर. मग एक पुस्तक आलं, त्यावर त्याचं नाव. लिहिलं भलत्यानेच, आणि टाकीची खोली त्यात चुकलेली. मग तो गादीच्या जाहिरातीत दिसला. पांढऱ्या पायजम्यात गादीवर आडवा पडून म्हणायचा, "अशी झोप मी फक्त वर घेतली." तोल्याला ठाऊक होतं की वर त्याला धड झोप लागत नव्हती. परत आल्यावर त्यानेच सांगितलं होतं, डोळ्यांखाली काळं घेऊन. मग पित्ताच्या गोळ्या. मग फरशीच्या दुकानांच्या फिती कापणं. रस्त्याच्या वळणावर मोठ्या फलकावर कॅप्टन हातात कमोडचं झाकण घेऊन हसत होता, आणि खाली लिहिलं होतं, "जमिनीवरचं सर्वोत्तम." तोल्या त्या वळणावरून जाताना मान दुसरीकडे वळवायचा. बायको मुद्दाम म्हणायची, "अहो, तुमचे कॅप्टन बघा."

नवा माणूस वर जाऊन आला आणि कॅप्टनचा फलक उतरला. तिथे आता तो नवा होता, हातात दुसरं काहीतरी.

तेव्हाच फोन आला. नोकरीत असताना कॅप्टन "अरे दादा" म्हणायचा. फोनवर "अहो दादा" म्हणाला. तोल्याने तिथेच ओळखायला हवं होतं.

"अहो दादा, एक छान उपक्रम काढलाय. सामान्य माणसाला अंतराळाचा अनुभव. हॉटेलचा तलाव घेतलाय, तीन सूट करून घेतलेत. तुमच्याशिवाय कोण करणार? आणि ते तुमचं शिसं आहे ना अजून?"

"आहे."

"घेऊन या. आणि दादा, या वेळी मी सगळ्यांसमोर तुमचं नाव घेणार. मला पाण्यात कोणी धरलं, ते सांगणार."

फोन ठेवल्यावर तोल्याने वाकून पलंगाखाली पाहिलं. बायको निवडणं टाकून बघत होती.

"डॉक्टर काय म्हणाले होते? कानावर पाण्याचा दाब नको." डावा कान टाकीनेच खाल्ला होता. त्या बाजूने बोललेलं त्याला ऐकू यायचं नाही.

"तलाव आहे गं. दोन पुरुष खोल."

"तुम्हाला कोणी दादा म्हटलं की तुम्ही विरघळता."

"स्वतः फोन केला त्याने."

"मग कोणाकडून करवणार? त्याच्याकडे आता माणूस उरला असेल का?" आणि ती पुन्हा निवडायला लागली.

शनिवारी सकाळी तोल्या दोन पिशव्या घेऊन गेला. बत्तीस किलो. बसमध्ये पायांशी ठेवल्या, उतरल्यावर शंभर पावलं चालून खाली ठेवल्या, पुन्हा उचलल्या. हॉटेलच्या दारावरच्या माणसाने त्याला मागच्या दाराने पाठवलं.

तलावाकाठी पांढऱ्या खुर्च्या, फुलं, ध्वनिक्षेपक. कॅप्टन निळ्या पोशाखात होता, छातीवर बिल्ले. पोट सुटलं होतं. केस काळे केलेले, कानशिलावर रंग उतरलेला. जवळ आल्यावर अत्तराचा वास आला आणि त्याखाली उपाशीपोटी घेतलेल्या कडक चहाचा. त्याने तोल्याला मिठी मारली, पण फोटोवाल्याकडे बघून.

कार्यक्रम चालवणारा त्याचा मेव्हणा होता. कानात मशीन, हातात यादी, पायात पाण्याला घाबरणारे बूट.

"काका, सहा पाहुणे आहेत. प्रत्येकी दहा मिनिटं तयारी, दहा मिनिटं पाण्यात. दोन तासांत आटपायचं. मग जेवण."

"तयारीला चाळीस लागतात," तोल्या म्हणाला.

"काका, लोक उन्हात बसलेत."

"मग छत्र्या लावा."

मेव्हण्याने कॅप्टनकडे पाहिलं. कॅप्टन हसला. "आमचे दादा असेच. पहिला त्यांच्या पद्धतीने होऊ दे."

तोल्याने आधी सूट तपासले. नाटकाच्या कपड्यांपेक्षा बरे, खऱ्यापेक्षा फार वाईट. हवेची नळी आणि काठावरचा कॉम्प्रेसर ठीक होता. तो भाड्याचा होता म्हणून ठीक होता. सुटांचं माप मात्र एकच. तिन्ही कॅप्टनच्या अंगाचे. लांब पायांचे, रुंद छातीचे.

"बाकीचे लोक काय करणार?"

"आत मोजे घालतील," मेव्हणा म्हणाला.

काठावरच्या टेबलावर एक चौकट ठेवली होती आणि शेजारी छापील प्रतींचा गठ्ठा. तोल्याने चष्मा लावला. कागद त्याने ओळखला, कारण अक्षर त्याचंच होतं. छाती सात, पाठ पाच, कंबर चार, घोटे एक-एक. कॅप्टनच्या शेवटच्या सरावाच्या दिवशीचा तोल. निरोपसमारंभाला सगळ्यांनी घड्याळं, पेनं दिली. तोल्याने हा कागद दिला होता, पेन्सिलीने लिहिलेला, वर तारीख टाकून. द्यायला त्याच्याजवळ दुसरं काय होतं?

आता कागदावर मोठ्या सोनेरी अक्षरांत "कॅप्टनचा तोल" असं छापलं होतं. खाली कॅप्टनची लफ्फेदार सही. तारीख कापून टाकली होती.

"कशी आहे कल्पना?" कॅप्टन म्हणाला. "प्रत्येकाला सही केलेली एक प्रत. लोक चौकट करून लावतात हो. गेल्या महिन्यात नुसत्या याच दोनशे गेल्या."

"तारीख का काढली?"

"तारखेने जुनं वाटतं, दादा."

तोल्याने चौकट जागेवर ठेवली. बोटांना काहीतरी चिकट लागल्यासारखं वाटलं आणि त्याने ती पँटला पुसली.

पहिली पाहुणी दातांची डॉक्टर होती, बारीक, चाळिशीची. तोल्या कॉम्प्रेसरची दुसरी नळी तोंडात धरून पाण्यात उतरला. सदुसष्टाव्या वर्षी पाणी अंगाला वेगळं लागतं. आधी हाडांना कळतं. त्याने तिला धरलं, तुकडा घातला, हात सोडले, पाहिलं. काढला, दुसरीकडे घातला. ती मुकाट राहिली, तो खुणावेल तसे हात हलवत होती. पस्तीस मिनिटांनी ती पाण्याच्या मध्यावर लागली, आणि तोल्याने हात सोडले तेव्हा तिथेच राहिली. काचेआडून तिचा चेहरा दिसला. ती घाबरलेली नव्हती, हसतही नव्हती. लहान मूल झोपेतून उठल्यावर बघतं तशी बघत होती. तोल्याला वाटलं, आलो ते बरं झालं.

वर आल्यावर मेव्हणा काठावर बसून त्याच्या डाव्या कानाशी काहीतरी बोलत होता. तोल्याने मान फिरवली.

"म्हणतोय, पाऊण तास गेला! लोक आत जाऊन एसीत बसलेत."

"बसू दे."

"बाकीच्या पाचांना असंच करणार?"

"असंच करतात."

दुसरा पाहुणा फरशीवाला होता. मोठं दुकान होतं त्याचं. कॅप्टनने फीत कापलेली, तीच ओळख. बुटका, गोल पोटाचा, तोंडाने चालू. बायकोला मोबाइल धरायला लावून काठावर फेऱ्या मारत होता. "कॅप्टन, मला बारीक करणाऱ्या आरशासारखं काही आहे का पाण्यात?" असं म्हणून स्वतःच मोठ्याने हसला. सूट चढवल्यावर त्याचे पाय सुटाच्या गुडघ्याखाली थोडेसेच पोचत होते. खालचं सगळं रिकामं, घड्या पडलेलं.

कॅप्टनने चौकट उचलली. "याचं मी बघतो, दादा. हा घ्या आकडा. छाती सात, पाठ पाच, कंबर चार, घोटे एक-एक. चारशे तास चाललाय."

तोल्याला वाटलं, थट्टा करतोय. पण कॅप्टनचा चेहरा गंभीर होता, खुशीत होता. आणि मग तोल्याला कळलं. या माणसाला ठाऊकच नव्हतं. चारशे तास लटकला, पण आपल्या अंगावर काय चाललंय ते त्याने एकदाही वाकून पाहिलं नव्हतं. त्याला वाटत होतं, एक आकडा आहे, तो एकदा सापडला की झालं.

"कॅप्टन, हा आकडा त्या एका दिवसाचा आहे."

"म्हणजे?"

"रोज वेगळा असायचा. तुम्ही नाश्ता केला की वेगळा, नाही केला की वेगळा. सर्दी झाली की वेगळा. रोज पहिल्यापासून करायचो आम्ही."

"रोज?" कॅप्टन हसला. "काहीतरीच. मला कधी जाणवलं नाही."

"जाणवू नये म्हणून तर पगार होता."

"दादा, उगाच मोठं करू नका. थोडा इकडेतिकडे होईल, मजा येईल त्याला."

"तुमची छाती मोठी, म्हणून छातीला सात. याचं पोट आहे आणि पाय नाहीत. पायांत नुसती हवा भरेल. हा उलटा होईल."

"काय म्हणतोय म्हातारा?" फरशीवाल्याने हेल्मेटातून विचारलं.

"काही नाही, जुने लोक," मेव्हणा म्हणाला. "काका, आता बाजूला व्हा जरा."

कॅप्टन काठावर गुडघ्यांवर बसला आणि स्वतःच्या हाताने शिसं खिशांत घालू लागला. तोल्याचं शिसं. छातीच्या खिशात सात, मोजून. फोटोवाला जवळ आला. तोल्याला वाटलं, कपडे घालावेत आणि निघावं. पायऱ्या समोर होत्या. पण माणूस पाण्यात चालला होता. माणूस पाण्यात असताना तोल्या एकतीस वर्षांत कधी वर चढला नव्हता. तो खाली गेला.

फरशीवाला आधी पायऱ्यांवर उभा राहिला, काठावरच्यांना हात केला, मग खोल भागाकडे सोडला गेला. क्षणभर तो ठीक होता. मग सुटाच्या पायांमधल्या घड्या एकेक करून उघडल्या. हवा तिथे पोचली. पाय वर आले, संथपणे, कोणी धरून उचलल्यासारखे. छातीतलं शिसं खाली ओढू लागलं. फरशीवाल्याने दोन्ही हात झाडले आणि तो पूर्ण फिरला. डोकं तळाकडे, पाय वर, सुटाचे पाय फुगून खांबासारखे ताठ.

वरून टाळ्या ऐकू आल्या. त्यांना वाटलं, कसरत आहे.

नवखा माणूस अशा वेळी डोकं वर ढकलायला जातो. हवेशी कुस्ती असते ती, कोणी जिंकत नाही. तोल्याने फरशीवाल्याचे गुडघे मिठीत घेतले आणि घट्ट आवळले, हवा पायांतून कमरेकडे ढकलली. एका हाताने छातीचा खिसा उघडला. एक तुकडा काढला, घोट्याला घातला. दुसरा. तिसरा. काचेमागे एकदम काहीतरी पिवळट सांडलं आणि तिथला चेहरा दिसेनासा झाला. सकाळचा नाश्ता. तोल्याला आपल्याच तोंडात त्याची चव आल्यासारखं झालं. डाव्या कानात सळई खुपसल्यासारखी कळ आली. चौथा तुकडा. आता पाय खाली यायला लागले. माणूस आडवा झाला, मग हळूहळू उभा. तोल्याने त्याला कमरेला धरून पायऱ्यांवर आणला आणि हेल्मेटाची कडी स्वतःच्या हाताने काढली.

आतलं सगळं त्याच्या हातावर, छातीवर आलं. फरशीवाला खोकला, थुंकला, पुन्हा खोकला. चेहरा जांभळा होता. श्वास मात्र धड होता. तोल्याने कान लावून ऐकला, उजवा कान.

"किती वेळ?" त्याने दातांच्या डॉक्टरणीला विचारलं. ती काठावर उभी होती, एकटीच उभी, बाकी सगळे बसलेले.

"दीड मिनिट," ती म्हणाली. "मी घड्याळात पाहिलं." मग ती फरशीवाल्याची नाडी धरून बसली.

ध्वनिक्षेपक सुरू झाला. कॅप्टनचा आवाज, गादीच्या जाहिरातीतला. "मित्रहो, आत्ता जे पाहिलंत त्याला आम्ही उलटी गिरकी म्हणतो. वर गेलेल्यांपैकी फार थोड्यांना हे जमतं. जोरदार टाळ्या!"

टाळ्या पडल्या. फरशीवाल्याने तोंड पुसलं, आजूबाजूला पाहिलं, आणि हळूहळू त्याच्या चेहऱ्यावर हसू आलं. त्याने हात वर केला.

"तुम्ही उलटे झाला होता," तोल्या त्याला हळूच म्हणाला. "आणखी दोन मिनिटं असतात तर ते छातीत गेलं असतं."

"आजोबा," फरशीवाला म्हणाला, "चार लोकांत कशाला? बायको बघतेय." आणि तो उठून फोटोला उभा राहिला. कॅप्टनने त्याला सही केलेला कागद दिला. छाती सात, पाठ पाच. दोघांनी तो मधे धरला. फरशीवाल्याच्या दाढीला अजून अंड्याचा तुकडा चिकटलेला होता. तो कोणीच पुसला नाही.

"म्हातारा कोण आहे?" फोटोवाल्याने विचारलं.

"मदतनीस," मेव्हणा म्हणाला.

कपडे बदलायच्या खोलीत तोल्याने हेल्मेट नळाखाली धरलं. दुसरं कोणी धुणार नव्हतं, आणि पाहुणे चार राहिले होते. बोटाने कडा साफ करताना त्याला स्वतःचीच किळस आली. दुसऱ्यामागे आवरायची सवय हातांना इतकी होती, की सांगावं लागलं नाही. मग तो थांबला आणि हेल्मेट तसंच मोरीत ठेवून दिलं.

कॅप्टन आत आला. ध्वनिक्षेपकाचा आवाज बाहेर ठेवून आला होता.

"दादा, वाचवलंत."

"नाव घेणार होतात."

कॅप्टन बाकावर बसला. बिल्ले वाजले. "आता कसं घेऊ? लोक विचारतील, वाचवलं म्हणजे काय." त्याने एक बिल्ला सारखा केला. "माझ्यावर रागावू नका. मला बाकी काय येतं? सांगा ना. अकरा वर्षं वाट बघितली, चार महिने वर गेलो, आणि मग एकसष्टी येईपर्यंत तीच गोष्ट सांगतोय. निवृत्तिवेतन तुमच्या हेडक्लार्कएवढंच आहे. लोकांना मी हवा असतो तो फोटोपुरता. उद्या आणखी एक वर जाऊन येईल, मग तेही नाही."

तोल्याला हे खरं वाटलं. वाईटही वाटलं. तरी ओकारी ती ओकारीच, हातावर होती.

"वर काय केलंत, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही," तो म्हणाला. "ते तुम्ही कष्टाने केलंत, मी पाहिलंय. हे कष्ट नाहीत. हे दुसऱ्याच्या जिवावर चाललंय."

"मग चाळीस मिनिटं करू. पुढच्या शनिवारी. आज तेवढं..."

"आज चार आहेत अजून. कागद बघून घालणार?"

कॅप्टनने घड्याळ पाहिलं. तेच उत्तर होतं.

तोल्या बाहेर गेला. काठावरच्या तिन्ही सुटांचे खिसे उघडले आणि शिसं काढून मोजलं. पंचवीस. एक कमी होता. तो पुन्हा पाण्यात उतरला, तळाशी गेला, आणि बिस्किटाएवढा तुकडा जाळीच्या कडेला सापडला. कान फाटेल असं वाटलं. वर आला आणि पिशव्या भरल्या.

"हे काय चाललंय?" मेव्हणा धावत आला. "काका, लोक बसलेत! शिशाशिवाय सूट बुडणार कसा?"

"नाही बुडणार. फुग्यासारखा वर तरंगेल. कोणी मरणार नाही."

"आम्ही दुसरं आणू."

"आणा. ओतून घ्यायला दिवस लागतील."

"अहो, कॅप्टन, सांगा ना याला!"

कॅप्टन खोलीच्या दारात उभा होता. दातांची डॉक्टर आपली पर्स घेऊन निघाली होती; जाताना तिने टेबलावरचा आपला सही केलेला कागद उलटा करून ठेवला आणि एक पिशवी बसस्टॉपपर्यंत धरू का, असं तोल्याला विचारलं. तो नको म्हणाला. दोन पिशव्यांनी दोन्ही बाजू सारख्या राहतात. एकीने खांदा जातो.

या वेळी तो पुढच्या दाराने गेला. दारावरच्या माणसाने तोंड उघडलं, पिशव्यांकडे पाहिलं आणि मिटलं.

घरी पोचायला तीन वाजले. बायकोने दार उघडलं. त्याचा ओला शर्ट, त्यावरचे डाग, तिला सगळं दिसलं. तरी तिने तेच विचारलं, जे बारा वर्षांत विचारलं नव्हतं.

"सगळे सरळ?"

तोल्याने पिशव्या खाली ठेवल्या. आधी डावी, मग उजवी. खोटं बोलायचं असतं तर कधीच बोलून झालं असतं.

"एक उलटा झाला."

तिने दार लावलं. "तुमच्या हाताने?"

"माझ्या अक्षराने."

"जिवंत आहे?"

"आहे. हसतोय."

तिने टॉवेल आणला. त्याचा हात धरून बोटं एकेक करून पुसली, नखांच्या कडेचंही. मग ती वाकली, कमरेवर हात ठेवून, आणि पलंगाखालची ट्रंक आत सरकवून जागा केली. तोल्याने पिशव्या ढकलल्या. जमिनीवर शिसं घासल्याचा आवाज झाला. तो त्याला उजव्याच कानाने ऐकू आला.

फोन वाजायला लागला. बायकोने पाहिलं. "कॅप्टन."

"वाजू दे," तोल्या म्हणाला आणि चपला काढल्या.